डॅरिल पेनगेलीच्या बेवारस ट्रॉल्या

यारागल गावात डॅरिल पेनगेलीला सगळे 'वादळ' म्हणतात, कारण या माणसानं जन्मात कधी घाई केलेली कुणी पाहिलेली नाही. तांबड्या केसांच्या माणसाला 'निळ्या' आणि ताडमाड माणसाला 'बुटक्या' म्हणायची इथली रीतच आहे, तेव्हा यात त्याचा अपमान वगैरे काही नाही. लग्नात पाद्रीबाबासुद्धा "वादळा, तू या रोंडाला पत्नी म्हणून..." असं म्हणून गेले आणि मग खोकल्याचं निमित्त करून त्यांनी सावरून घेतलं. रोंडा अजून म्हणते, माझं लग्न डॅरिलशी लागलंच नाही, हवामानखात्याशी लागलंय.

डॅरिल पालिकेचा रेंजर. भटकी कुत्री धरायची, रस्त्यावर आलेल्या मेंढ्या हाकायच्या आणि बेवारस ट्रॉल्या गोळा करायच्या, हे त्याचं काम. ट्रॉली म्हणजे दुकानातून सामान ढकलत न्यायची जाळीची ढकलगाडी. ती दुकानाच्या आवारातच राहावी अशी दुकानदाराची अपेक्षा असते. ट्रॉलीची स्वतःची अपेक्षा वेगळी असावी, कारण ती कुठेही सापडते. शाळेच्या कुंपणाला टेकलेली, बसथांब्यावर बसची वाट बघत असल्यासारखी, स्मशानात, एकदा तर न्यायालयाच्या दारात. डॅरिल तिला नारिंगी चिठ्ठी बांधतो आणि दुकानाला फोन करतो. ठरल्या मुदतीत दुकानवाले आले नाहीत, तर पिकअपमध्ये घालून थेट पालिकेच्या कोंडवाड्यात. तिथे एका बाजूला कुत्री, दुसऱ्या बाजूला ट्रॉल्या. कुत्री सोडवायला लोक रडत येतात. ट्रॉल्या सोडवायला कुणी रडत येत नाही, म्हणून डॅरिलचा जीव ट्रॉल्यांवर जरा जास्त.

परत देण्याआधी तो प्रत्येक ट्रॉलीच्या चाकाला तेल घालतो. हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. हिरव्या दांडीच्या ट्रॉल्या असलेल्या दुकानाची मॅनेजर त्रिन त्याला म्हणाली होती, "वादळ, आमच्या दुकानातल्या ट्रॉल्या कुरकुरतात आणि तुझ्या कोंडवाड्यातून आलेल्या लोण्यासारख्या चालतात. गिऱ्हाइकं भांडतात रे त्यांच्यासाठी."

"मग सगळ्याच एकदा पळवून लाव," डॅरिल म्हणाला.

ट्रॉली बघितली की ती काय काय करून आली हे त्याला कळतं. तळाला सालपटं असली तर जळण वाहिलंय. कपड्याचा चिमटा अडकला असेल तर कुणाचं तरी धुण्याचं यंत्र बिघडलंय. पबच्या बाजूनं आली असेल आणि आत एकच बूट असेल, तर तिच्यात बसून कोण घरी गेलं तेही त्याला ठाऊक असतं, कारण यारागलमध्ये तसला बूट घालणारे कितीसे असणार! पण तो ते कुणाला सांगत नाही. गावात चोरी केली तर लोक चार दिवस बोलतात आणि विसरतात. चुगली केली तर नातवंडांच्या लग्नातही तो विषय निघतो. म्हणून साहेबांनी विचारलं, "ही इथवर आणली कुणी?" की डॅरिलचं उत्तर ठरलेलं: "वाऱ्यानं आली." यारागलला वारा तसा बेताचाच.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं. हिवाळ्याच्या शेवटी नदी उतरली आणि जुन्या पुलाखालच्या वळणावर पाण्यातून ट्रॉल्या डोकं वर काढायला लागल्या. एका ट्रॉलीवर एक पेलिकन पंख पसरून उभा राहिला, कुणीतरी त्याचा फोटो काढला आणि तो साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर आला. खाली लिहिलं होतं, 'यारागलमध्ये खरेदीला गर्दी'.

दुसऱ्या दिवशी पालिकेच्या मुख्याधिकारी डेस्पिनाबाईंनी डॅरिलला बोलावलं. डेस्पिना याच गावची. तिच्या वडलांचं हमरस्त्यावर तळलेल्या माशांचं दुकान होतं आणि लहानपणी डॅरिलनं तिथे उधारीवर बटाट्याचे काप खाल्लेले होते. तरी खुर्ची ती खुर्चीच.

"बस, वादळ."

"उभाच बरा. बसलो की लांबतं."

"फोटो बघितलास?"

"बघितला. पेलिकन झकास आलाय."

"नगरसेवकांना पेलिकनचं कौतुक नाहीये." डेस्पिनानं चष्मा काढला. "शहरातली एक कंपनी आलीय. चाकाला आपोआप बसणारं कुलूप, गोळा करायला त्यांची गाडी, त्यांची माणसं. ट्रॉल्यांचा सगळा ठेका मागतायत. मी वसंत संपेपर्यंत मुदत मागून घेतलीय. तोवर नदी साफ झाली पाहिजे. आणि साफ राहिली पाहिजे. तू काढतोस, आठवड्यानं पुन्हा पडतात, हे चालायचं नाही."

"आणि नाही राहिली तर? मला नारळ?"

"छे रे. तुझी नोकरी कुठं जात नाही. तुला पार्किंगवर टाकू."

डॅरिल तेव्हा बसला.

पार्किंगवर म्हणजे लोकांच्या गाड्यांना दंडाच्या पावत्या लावायच्या. आधीचा पार्किंगवाला नॉरिस चांगला देवमाणूस होता, पण तो पबमध्ये शिरला की गप्पा बंद व्हायच्या. क्रिकेटच्या संघात त्याला बारावा घ्यायचे आणि पाणीसुद्धा दुसऱ्याकडून मागवायचे. शेवटी त्यानं सख्ख्या मेहुणीच्या गाडीला पावती लावली आणि त्या नाताळात त्याला जेवायला कुणीही बोलावलं नाही. आता तो उत्तरेकडे कुठंतरी केळी पिकवतो म्हणतात. डॅरिलला केळी आवडत नाहीत. त्याला हेच गाव आवडतं. रस्त्यानं जाताना दर दहा पावलांवर कुणीतरी 'काय वादळ, जोरात का?' म्हणावं, एवढंच त्याचं आयुष्याकडे मागणं आहे.

तो त्याच दिवशी नदीवर गेला. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात आकडा, पिकअपला बांधलेला दोर. ट्रॉल्या निघाल्या, पण त्या नेहमीसारख्या नव्हत्या. पोरं पुलावरून ढकलतात ती ट्रॉली कशीही पडते. या पालथ्या होत्या, नीट मांडल्यासारख्या. आत विटा. जाळीतून झाडाच्या फांद्या ओवलेल्या, तारेनं आवळून बांधलेल्या. आणि सगळ्यांची तोंडं एका बाजूला, प्रवाहाच्या उतरत्या अंगाला.

"हल्लीची पोरं फारच शिस्तीची झालीत," तो स्वतःशी म्हणाला.

पुलावरून दोघं-तिघं बघत होते. एरवी कुणीतरी टोमणा मारला असता. आज सगळे मयतीला आल्यासारखे गप्प. डॅरिलनं हात केला, त्यांनी हात केला आणि ते निघून गेले. हे काही बरं लक्षण नव्हतं, पण डॅरिलला ते उमगलं नाही. त्याला एक कारण होतं. यारागलमधला मासे न धरणारा तो एकमेव बाप्या. होडीत पाय ठेवला की त्याला मळमळतं आणि काठावर गळ टाकून बसला की झोप लागते. नदीकाठच्या गावात राहून नदीतलं ओ की ठो कळत नाही, असा माणूस विरळाच. गावकऱ्यांनी आपला तो सांभाळून घेतला होता.

पुढच्या आठवड्यात त्याच वळणावर पुन्हा ट्रॉल्या! डॅरिलनं पुन्हा काढल्या, कोंडवाड्यात आणल्या आणि पकडीनं तारा तोडायला बसला. तार तुटेना. गाठ अशी होती की ओढावी तितकी घट्ट व्हायची: एक वेढा, उलटा पीळ आणि टोक आत दडवलेलं, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. पोरांना कुणाच्या हाताची काळजी असते? डॅरिल बराच वेळ त्या गाठीकडे बघत राहिला. आपण ही कुठंतरी पाहिलीय. रोज पाहतो. कुठं?

संध्याकाळी कोंबड्यांना दाणे टाकायला खुराड्यापाशी गेला आणि उत्तर डोळ्यांपुढेच उभं होतं. दाराच्या खांबाला एक वेढा, उलटा पीळ, टोक आत. खुराडं त्याला लग्नात सासऱ्यानं बांधून दिलं होतं. सासरा, म्हणजे ऑब्री, तरुणपणी नदीवर काम करी आणि नंतर जन्मभर त्यानं पंचक्रोशीत कुंपणं घातली. कुंपणवाल्याची गाठ म्हणजे त्याची सही. हजार मैलांत तशी दुसरी मिळायची नाही.

"बाबौ," डॅरिल कोंबड्यांना म्हणाला.

रविवारी ऑब्री जेवायला आला. येतोच दर रविवारी. इथे सासऱ्यालाही नावानंच हाक मारतात आणि अरेतुरेच करतात. आदर दाखवायचा तर त्याच्यासाठी बिअरचा पहिला डबा आपण उघडून द्यायचा. डॅरिलनं डबा उघडून दिला. भाजलेलं कोकरू, बटाटे, भोपळा, वाटाणे, सगळं झालं. रोंडा गोड आणायला आत गेली. डॅरिलनं खिशातून तारेची गाठ काढून ऑब्रीच्या बशीशेजारी ठेवली.

म्हाताऱ्यानं ती बघितली. मग सावकाश एक बटाटा खाल्ला.

"चांगली बांधलीय," तो म्हणाला.

"ऑब्री!"

"नाही, म्हणजे ज्यानं बांधलीय त्याला अक्कल आहे."

"ऑब्री, अरे माझी मान अडकलीय. मला पार्किंगवर टाकतायत."

"ऐकलंय मी."

"ऐकलंस? मग?"

"मग काय! मी बांधतो, तू काढतोस. मी पुन्हा बांधतो, तू पुन्हा काढतोस. त्या माशांना वाटत असेल, या घरात सासरा-जावयाचं काही धड नाही." ऑब्रीनं डबा खाली ठेवला. "वादळा, तुला एवढंही कळलं नाही? ती घरं आहेत. आपल्या नदीतल्या कॉड माशांची. कॉडला पोकळी लागते, अंधार लागतो. तो लाकडाच्या ढोलीत राहतो, तिथंच त्याची मादी अंडी घालते. नदीत आता लाकूड कुठं उरलंय?"

"कुठं गेलं?"

"मी काढलं." ऑब्री खिडकीबाहेर बघत होता. "विशीत होतो. सरकारी यांत्रिक होडीवर. नदी स्वच्छ करा म्हणून हुकूम. बुडालेला एकेक ओंडका आम्ही साखळीनं ओढून काढला आणि काठावर जाळला. साहेब म्हणाले, वाहवा, कशी मोकळी झाली. झाली की मोकळी! मासेपण गेले. म्हटलं मरायच्या आधी थोडं परत टाकावं. ओंडका उचलायची ताकद आता अंगात नाही. ट्रॉलीला काय, चाकं असतात."

डॅरिलनं बशीशेजारची गाठ उचलली. "पण गावात कुणीच मला कसं सांगितलं नाही?"

"तूच कुणाची सांगतोस का कधी? सगळ्या गावाला माहीत होतं. पण सांगायचं कसं? सांगितलं तर चुगली झाली, आणि वर मासे धरायची जागा फुटली. एकाच वेळी दोन पापं कोण करील?"

एवढ्यात रोंडा मलई आणि फळांचा केक घेऊन आली. "कसली पापं?"

"हवामानाबद्दल बोलतोय," ऑब्री म्हणाला.

"तुलाही माहीत होतं?" डॅरिलनं तिला विचारलं.

रोंडा केक कापू लागली. तिनं त्याला सर्वांत मोठा तुकडा वाढला, त्यावरून डॅरिल काय ते समजला.

त्या आठवड्यात त्याचं कामात मन लागेना. ऑब्रीचं नाव सांगावं तर सासरा कोर्टात आणि आपण सासुरवाडीतून कायमचे बाद. न सांगावं तर ट्रॉल्या पडत राहणार, कारण म्हातारा थांबायचा नाही हे त्याच्या बटाटे खाण्यावरूनच कळत होतं. नारिंगी चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन तो पालिकेच्या मागच्या आवारात बसला. दहा वाजता बेकरीतून आणलेली खिमा भरलेली मीट पाय हातातच थंड झाली. अशी वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. आवारात मागच्या वादळात, खऱ्या वादळात, पडलेल्या तांबड्या निलगिरीचे ओंडके रचून ठेवले होते. एकेक बैलाएवढा. काही आतून पोकळ. बागेसाठी त्यांचा भुसा करायचा म्हणून यंत्र यायचं होतं.

डॅरिल एका ओंडक्यावर बसून दुसऱ्या ओंडक्याच्या ढोलीत बघत होता. बराच वेळ बघत होता. मग त्यानं ती थंड मीट पाय दोन घासांत संपवली आणि तो डेस्पिनाच्या खोलीकडे निघाला. तो पायऱ्या दोन-दोन करून चढला असं टेलिफोनवरची बाई शपथेवर सांगते, पण तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

"नदीत ट्रॉल्या पुन्हा पडणार नाहीत," तो म्हणाला. "पण मला मागचे ओंडके पाहिजेत."

"ओंडके? कशाला?"

"नदीत टाकायला."

डेस्पिनानं चष्मा काढला. "मी तुला नदीतून काढायला सांगितलं, वादळ."

"ट्रॉल्या काढायला सांगितल्या. ओंडक्यांचं नाव आपण काढलं नव्हतं. मत्स्यखात्याची परवानगी मिळते, मी फोन केला होता. ते तर म्हणाले, देताय का, आम्ही लोकांच्या मागे लागतो तरी कुणी देत नाही."

"आणि ओंडके टाकले की ट्रॉल्या का थांबतील?"

डॅरिल छताकडे बघू लागला.

"कोण टाकतंय त्या?" डेस्पिनानं विचारलं.

"वारा."

"वारा. पालथ्या घालतो. विटा भरतो. तारेनं बांधतो."

"इथला वारा पहिल्यापासून कामसू आहे."

डेस्पिनाच्या वडलांचं दुकान होतं ना माशांचं. ती शाळकरी असताना या नदीचे कॉड त्या दुकानात यायचे आणि नंतर समुद्रातले गोठवलेले खोक्यांतून यायला लागले. वडील मरेपर्यंत त्या खोक्यांना शिव्या घालत. तिनं चष्मा पुन्हा लावला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि वर न बघता म्हणाली, "वाऱ्याला सांग, आत आहेत तेवढ्या त्यानं स्वतः बाहेर काढायच्या. या वयात जरा व्यायाम बरा."

मग ऑब्रीनं एक सबंध आठवडा जावयाबरोबर नदीत उभं राहून ट्रॉल्या काढल्या. म्हणजे डॅरिलनं काढल्या आणि ऑब्रीनं तो कुठे चुकतोय ते सांगितलं. पालिकेच्या क्रेननं ओंडके उतरवले तेव्हा अर्धं गाव काठावर होतं. या खेपेला कुणी गप्प नव्हतं. "डावीकडे घे रे!" "अरे, तोंड उतरत्या अंगाला!" "वादळ, सासऱ्याला धर, वाहून जाईल!" "जाऊ दे, वाऱ्यानं आलाय, वाऱ्यानं जाईल!" एकूण सगळ्यांनाच सगळं माहीत होतं, हे सगळ्यांनाच कळलं, आणि कुणी कुणाचं नाव घेतलं नाही.

शेवटची एक ट्रॉली राहिली, खोल पाण्यात, काठाच्या कपारीला लागून. ती निघाली की काम फत्ते. नगरसेवकांना दाखवायला डेस्पिना स्वतः कॅमेरा घेऊन आली होती. ऑब्री छातीभर पाण्यात गेला, वाकून त्यानं हात आत घातला आणि एकदम बोंबलला. हात बाहेर काढला तर बोट रक्ताळलेलं. तोंडावर मात्र हसू मावत नव्हतं.

"चावला!" तो ओरडला. "डॅरिल, चावला मला!"

"कोण?"

"बाप्या आहे! आत अंडी चिकटलीत सगळ्या जाळीला, आणि हा राखण करतोय! मला चावला भडवा!"

तो आनंदानं रडायचा बाकी होता. काठावर कालवा झाला. ज्यांनी आयुष्यभर कॉड धरले त्यांनाही आपल्या वळणावर कॉडनं घर केल्याचं ऐकून कितीतरी वर्षं झाली होती. पण डॅरिलपुढे पेच पडला. ट्रॉली काढावी तर अंडी गेली. ठेवावी तर नदी साफ झाली नाही, ठेका शहराला आणि आपण पार्किंगवर. तो हातातल्या दोराकडे बघत उभा राहिला आणि मग त्यानं दोर गुंडाळायला सुरुवात केली.

"नाही काढत मी," तो डेस्पिनाला म्हणाला. "तुला काय करायचं ते कर. ही बेवारस नाही. हिच्यात कुणीतरी राहतंय."

ऑब्रीनं जावयाकडे बघितलं. आजवर त्यानं या माणसाला काही फार मोठं समजलं नव्हतं.

डेस्पिना बूट काढून काठावर बसली होती. "भाडेकरू आहे म्हणतोस?"

"सहकुटुंब."

"मग भाडेकरूला असं एका दिवसात घराबाहेर काढता येत नाही. नोटीस द्यावी लागते, मुदत द्यावी लागते." तिनं कॅमेरा पिशवीत टाकला. "चिठ्ठी बांध. पिल्लं बाहेर पडली की ट्रॉली न्यायची. तोवर ती कारवाईखाली आहे. आणि कारवाईखालची ट्रॉली पडीक धरत नाहीत. नगरसेवकांना मी सांगते काय सांगायचं ते."

डॅरिलनं नारिंगी चिठ्ठी लांब तारेला बांधून पाण्यावर येईल अशी सोडली. कपारीशी ती डुलू लागली. त्रिनला फोन केला की तुझी एक ट्रॉली उशिरा येईल. ती म्हणाली, किती उशिरा? डॅरिल म्हणाला, ते आतल्या भाडेकरूच्या पोरांवर आहे.

ठेका शहराला गेला नाही, कारण नदीत पडीक अशी एकही ट्रॉली उरली नव्हती. कंपनीची माणसं पाहणीला आली होती. त्यांनी आपली गाडी पुलावर उभी केली आणि सबंध दुपार नदीत वाकून बघत बसली, कारण वळणावर काहीतरी मोठं पाठ फिरवून गेलं असं त्यातल्या एकाला वाटलं. ऑब्री त्यांच्याजवळ बसला होता. जागा कुठली, गळ कुठला, आमिष कुठलं, सगळं त्यानं त्यांना प्रेमानं खोटं सांगितलं.

डॅरिल पिकअपमध्ये बसून त्या सगळ्यांना टोपी हलवून जायच्या बेतात होता, तोच फोन वाजला. लॉन-बोलिंगच्या, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या खेळाच्या, क्लबातली सेक्रेटरी बाई होती.

"वादळ, आमच्या छपरावर एक ट्रॉली आहे."

"छपरावर? कुठली? लाल दांडी की हिरवी?"

"लाल. आणि तिच्यात एक उशी आहे."

"उशी?" डॅरिलनं गाडी चालू केली. त्याचा चेहरा उजळला होता. "कशाला हात लावू नका. आलोच."

तो आलोच म्हणाला तेव्हा तीन वाजले होते. क्लब तिथून दिसत होता. वाटेत तो शिडी आणायला कोंडवाड्यात थांबला, तिथून तेलाचा डबा घ्यायला, मग एका ओळखीच्या कुत्र्याशी दोन शब्द बोलायला. रस्त्याकडेच्या प्रत्येक माणसानं त्याला विचारलं, काय वादळ, जोरात का? आणि प्रत्येकाला त्यानं गाडी थांबवून उत्तर दिलं.